पडदा थांबला की आपण ओरडायचं

थिएटरात शेजारचा माणूस बोलायला लागला की आपलं डोकं फिरतं ना? तर जगात असा एक सिनेमा आहे जिथे गप्प बसणाऱ्याकडेच लोक वळून बघतात. रॉकी हॉरर पिक्चर शो. लंडनमध्ये लागला १४ ऑगस्ट १९७५ ला, म्हणजे आपल्याकडे शोले लागायच्या बरोब्बर आदल्या दिवशी, आणि अमेरिकेत अजूनही कुठल्या ना कुठल्या गावात मध्यरात्री चालूच आहे.

गोष्ट काय विचाराल तर नुकतंच लग्न ठरलेलं सरळमार्गी जोडपं, ब्रॅड आणि जॅनेट, भर पावसात गाडीचं टायर जातं, फोन करायला म्हणून एका भयाण वाड्यात शिरतात, तिथे कॉर्सेट आणि जाळीचे स्टॉकिंग्ज घातलेला एक शास्त्रज्ञ स्वतःसाठी पिळदार तरुण तयार करत बसलाय, आणि नंतर कळतं की ही सगळी मंडळी परग्रहावरची. आहे का काही डोकं? गाणी मात्र फक्कड आहेत आणि तो शास्त्रज्ञ झालेला टिम करी म्हणजे निव्वळ आग. रिचर्ड ओब्रायननं हे आधी नाटक म्हणून लिहिलं होतं, १९७३ साली लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहाच्या माडीवरच्या ६३ खुर्च्यांच्या थिएटरात सुरू झालं आणि धो धो चाललं. तेच नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर मात्र आपटलं, आणि सिनेमा तर त्याहून जोरात. एक लॉस एंजेलिसचं थिएटर सोडलं तर कुठेच धड गर्दी नाही, पण त्या एका ठिकाणी तीच तीच माणसं परत परत यायला लागली होती.

हा सिनेमा आणणाऱ्या फॉक्स कंपनीच्या जाहिरात खात्यात टिम डीगन नावाचा तरुण होता, त्यानं मागे लागून एप्रिल १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरात मध्यरात्रीचे शो लावून घेतले. तिथे काही महिन्यांतच कुणीतरी पडद्याशी बोलायला लागलं. जॅनेट पावसात डोक्यावर वर्तमानपत्र धरून चाललेली, आणि एका मास्तरांनी खुर्चीतून ओरडून तिला सुनावलं की अगं चिंगूस बाई छत्री घे ना एखादी (मूळ वाक्यात चिंगूसच्या पुढे एक शिवी आहे, ती इथे नको). हशा झाला. पुढच्या आठवड्यात आणखी कुणी ओरडलं. मग लोक स्वतःच वर्तमानपत्रं घेऊन यायला लागले आणि मागच्या रांगांतून त्यांच्यावर पिचकाऱ्या सुटायला लागल्या.

मला विचाराल तर हे सगळं झालं कारण सिनेमा जरा ढिलाच आहे. माणसं बोलता बोलता थांबतात, उगाच एकमेकांकडे बघत राहतात. एका जागी टिम करी ॲन्टिसिपेशन हा शब्द अर्ध्यावर सोडतो, ॲन्टिसि... आणि थांबतो, चांगला थांबतो, तेवढ्यात अख्खं थिएटर बोंबलतं की बोल रे एकदाचं, आणि मग तो पेशन म्हणतो. चोख बांधलेल्या सिनेमात अशी फट सापडत नाही, तिथे आपण फक्त बघायचं.

घरी लॅपटॉपवर बघितला तेव्हा मला तासाभरात जांभया आल्या होत्या. भाचा म्हणाला, अगं मावशी, तो एकटीनं बघायचा सिनेमाच नाहीये, आणि न्यूजर्सीला त्याच्याकडे गेले तेव्हा घेऊन गेला. दारातच एका पोरीनं माझ्या कपाळावर लिपस्टिकनं मोठ्ठा व्ही काढला, पहिल्यांदा येणाऱ्यांना तसं करतात, आणि तो व्ही कशाचा ते भाच्यानं मावशीला सांगायचं टाळलं. सुरुवातीलाच पडद्यावर लग्न लागतं आणि लोक तांदूळ उधळतात. उंदीर होतात म्हणून बऱ्याच ठिकाणी आता बंदी आहे, तरी चार दाणे माझ्या केसात आलेच. मला तर एकदम आपल्याकडचं कार्यालय आठवलं, मंगलाष्टकांत सावधान आलं की अक्षता टाकायच्या हे कुणी शिकवावं लागतं का, शेजारचा हात उचलतो आणि आपलाही हात उठतो. इथेही तसंच. डॉक्टर स्कॉट आले की टॉयलेट पेपरचे रोल उडतात, कारण स्कॉट हा तिकडे टॉयलेट पेपरचा ब्रँड आहे. जेवणाच्या सीनला कुणाच्या तरी नावानं टोस्ट म्हटलं की खरोखरचे पावाचे टोस्ट. पूर्वी एका गाण्याला लायटर पेटवायचे, आता मोबाईलचे टॉर्च.

आणि पडद्याखाली हौशी पोरं-पोरी तोच सिनेमा जसाच्या तसा करत असतात, ओठ हलवत, घरी शिवलेल्या कपड्यांत, पगार बिगार काही नाही, त्याला शॅडो कास्ट म्हणतात. शास्त्रज्ञाचं काम करणारा पोरगा एवढ्या उंच टाचांवर जिना उतरला की माझाच जीव खाली-वर. शो संपल्यावर तो शांतपणे खुर्च्यांखालचे टोस्ट झाडत होता. सत्तरच्या दशकात मुलानं लिपस्टिक लावली तर घरातून हाकलून देणारे आईबाप होते, शाळेत मार खाणारी पोरं होती, त्यांना आठवड्यातनं एक रात्र ही अशी जागा मिळाली जिथे विचित्र असणं हेच तिकीट. काही शिव्या आणि काही प्रसंग आज खटकतात, शास्त्रज्ञ सोंग घेऊन ब्रॅड आणि जॅनेटला फसवतो ते बेडरूमचे तर खटकायलाच हवेत, पण त्यावरही लोक तिथल्या तिथे ओरडून शेरे मारतात.

आपल्याकडे १९७५ सालीच आलेल्या जय संतोषी माँ ला लोक चपला बाहेर काढून बसायचे आणि पडद्यावर फुलं-नाणी टाकायचे. तिथे भक्ती, इथे चेष्टा, हात मात्र दोन्हीकडे रिकामे नाहीत.

गंमत म्हणजे हे मुद्दाम करायला गेलं की जमत नाही. रॉकी हॉररवाल्यांनीच १९८१ मध्ये शॉक ट्रीटमेंट नावाचा पुढचा सिनेमा काढला, तोही मध्यरात्रीच लावला, कुणी फिरकलं नाही. २०१६ मध्ये टीव्हीसाठी नवा रॉकी हॉरर केला त्यात तर ओरडणारे प्रेक्षकसुद्धा सिनेमातच घालून दिले, थिएटरात बसलेले, बरोब्बर वेळेवर टोमणे मारणारे. कुणाचं काही चुकत नाही, कुणी कुणाच्या अंगावर ओरडत नाही, आणि घरी सोफ्यावर बसलेल्या माणसाला करायला काहीच उरत नाही. न्यूजर्सीच्या शोला आमच्या रांगेत एक पठ्ठ्या होता, प्रत्येक टोमणा दोन सेकंद आधीच मारायचा, मग मागून त्याला शिव्या, मग त्या शिव्यांवर हशा, आणि तेवढ्यात पडद्यावरचं खरं वाक्य येऊन गेलेलं असायचं ते कुणालाच ऐकू यायचं नाही.