सव्वा इंची रॅम पंप: पीव्हीसीच्या जागी जीआय पाइप

पाऊस सरला, व्हाळाचं पाणी निवळलं, आणि रॅम पंप (वाहत्या पाण्याच्याच धक्क्यानं त्यातलं थोडं पाणी उंचावर चढवणारा पंप) पुन्हा बसवला. या वेळी एकच गोष्ट पाहायची होती: ड्राइव्ह पाइप, म्हणजे पंपात पाणी आणणारा पाइप, पीव्हीसीचा (प्लास्टिकचा) की जीआयचा (जस्त चढवलेल्या पोलादाचा), यानं किती फरक पडतो? बाकी सगळं मुद्दाम तेच ठेवलं. बांधापासून पंपाच्या वेस्ट व्हॉल्व्हपर्यंत (वाया जाणारं पाणी बाहेर सोडणारी झडप) १.८ मीटर उतार, तिथून वर पोफळीच्या बागेतल्या टाकीपर्यंत ९ मीटर चढ. पाइप सव्वा इंची, ९ मीटर लांब.

पीव्हीसीवर मिनिटाला १९ लिटर पाणी आत आलं, १.२ लिटर वर चढलं. कार्यक्षमता ३२ टक्के. जीआय घातल्यावर २० लिटर आत, २.२ लिटर वर. म्हणजे ५५ टक्के! बादली आणि स्टॉपवॉच घेऊन पुन्हा पुन्हा मोजलं, आकडा हलला नाही. दिवसाला ३,००० लिटरच्या वर पाणी, तेही विजेशिवाय.

कारण दाबलहरीत, म्हणजे पाणी अचानक अडलं की पाइपातून धावणाऱ्या दाबाच्या धक्क्यात आहे. पाणी वेग घेतं, वेस्ट व्हॉल्व्हची झडप उचलून फटकन मिटवतं आणि स्वतःच अडतं. तेव्हा वाढणारा दाब म्हणजे घनता, लहरीचा वेग आणि पाण्याचा कमी झालेला वेग यांचा गुणाकार. निकोलाय झुकॉव्स्की यांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून १८९८ मध्ये हे मांडलं. पोलादी पाइपात लहर सेकंदाला साधारण १,३०० मीटर धावते, पीव्हीसीत ४०० च्या आसपास. आता ९ मीटर चढासाठी ०.९ बार दाब हवा. तेवढ्यासाठी पीव्हीसीत पाण्याचा सेकंदाला २२ सेंटिमीटर वेग खर्ची पडतो, जीआयमध्ये जेमतेम ७. उरलेल्या वेगावरच पाणी वर ढकललं जातं. पीव्हीसीवर हात ठेवला की प्रत्येक ठोक्याला पाइप फुगल्याचं जाणवायचं. जीआय नुसता टणकन वाजतो.

झडपेवर वजनासाठी वॉशर वाढवून ठोके मिनिटाला ६० वरून ४५ वर आणले. वर जाणारं पाणी थोडं वाढलं, पण वाया जाणारं त्याहून जास्त. आत्ता व्हाळ भरून वाहतोय म्हणून चालतंय. मार्चमध्ये वॉशर काढावे लागतील.

१७७२ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन व्हाइटहर्स्ट यांनी केलेल्या अशाच यंत्रात तोटी हातानं उघडावी-मिटावी लागे. फ्रान्सच्या जोसेफ-मिशेल माँगोल्फिए यांनी १७९६ मध्ये हे काम पाण्याकडूनच करून घेतलं. सव्वादोनशे वर्षं झाली, तत्त्व तेच आहे. मला याचं फार अप्रूप वाटतं.

पंपावरच्या हवेच्या भांड्यात (यातली हवा ठोक्यांचा दाब झेलून पाणी वर ढकलत राहते) सध्या हवा भरलेली सायकलची ट्यूब कोंबली आहे, कारण मोकळी हवा पाण्यात हळूहळू विरघळून भांडं भरून जातं. पुढच्या फेरीत ट्यूब काढून डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या (वर जाणाऱ्या पाण्याच्या झडपेच्या) खाली दीड मिलिमीटरचं भोक पाडणार आहे. लहर उलटली की तिथून घोटभर हवा आत ओढली जाईल. सव्वा इंचीवर कुणी हे केलं असेल तर भोक किती व्यासाचं ठेवलं, ते सांगा.