सत्त्याण्णव दिवसांचा पंखा आणि ताशी तीन किलोमीटर

“साहेब, पंधरा दिवसांत येईल,” असं काउंटरवर सांगितलेला बोटीचा पंखा माझ्या हातात पडायला ९७ दिवस लागले. नोव्हेंबरच्या शेवटी पूर्ण पैसे भरले होते, मार्च उजाडला. दिवस मोजायची मला सवय नाही, पण बायकोने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज फुली मारायला सुरुवात केली होती, त्यामुळे आकडा पाठ आहे.

बोट म्हणजे १४ फुटी फायबरची होडी, मागे १५ अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या काठाला टांगलेलं इंजिन. राहतो पनवेलला, बोट रेवदंड्याला मित्राच्या वाडीत झाकून ठेवलेली असते. सुट्टीच्या दिवशी कुंडलिकेच्या खाडीत, साळावच्या पुलापासून कोर्लईच्या किल्ल्याखालपर्यंत ट्रोलिंग करायचं, म्हणजे चालत्या बोटीमागे ल्यूर (खोटा मासा) ओढत न्यायचा, जिताडा मासा लागला तर लागला. थंडीत पाणी गार झालं की जिताडा आळशी होतो. भरधाव जाणाऱ्या ल्यूरमागे धावत नाही, तोंडासमोरून रमतगमत गेलं तरच उघडतो. मला ताशी तीन किलोमीटर हवे होते. माझं इंजिन गिअरमध्ये टाकून थ्रॉटल पूर्ण बंद ठेवलं तरी बोट पाचने जायची. खोल जाणारा ल्यूर त्या वेगाला आडवा होऊन वर यायचा आणि पाण्यावर फरफटत यायचा. मासे हसत असणार.

यावर उपाय म्हणून कमी पिचचा पंखा घ्यायचा हे मी स्वतःच वाचून ठरवलं आणि त्याचा मला फार अभिमान होता. पंख्यावर दोन आकडे असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, म्हणजे लाकडात स्क्रू जावा तसा पंखा एका फेऱ्यात किती इंच पुढे सरकेल ते. माझा होता ९¼ × ९¾. मला हवा होता ९¼ × ८. एवढी साधी मागणी.

दुकानात (नाव लिहीत नाही, मुंबईत आहे एवढं पुरे) पहिला प्रश्न आला, “पिच म्हणजे?” मी समजावलं. मग इंजिनाचा नंबर मागितला. तो इंजिनाच्या क्लॅम्पवरच्या पत्र्यावर असतो आणि माझा पत्रा खाऱ्या पाण्याने खाल्लेला. पुन्हा रेवदंडा. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो तसं केलं, तेव्हा आकडे उमटले. तुम्ही इंजिन घ्याल त्याच दिवशी त्या पत्र्याचा फोटो काढून ठेवा, एक रविवार वाचेल.

नंबर दिला, पैसे भरले, पावती घेतली. पावतीवर फक्त “प्रोपेलर १ नग” एवढंच लिहिलं होतं. माप लिहा म्हणालो तर “सिस्टममध्ये आहे हो.” इथे मी हट्ट धरायला हवा होता.

मग फोन. सोळाव्या दिवशी: माल निघालाय. कुठून? वरून. पंचविसाव्या दिवशी: कंटेनर आलाय, कस्टममध्ये आहे. पस्तिसाव्या दिवशी ज्याच्याशी बोलायचो तो सुट्टीवर गेला आणि त्याच्या जागी आलेल्या मुलाने मला विचारलं, “सर, तुमचं काय होतं?” त्याला पुन्हा पिचपासून. एक्केचाळिसाव्या दिवशी खोकं आलं. मी अर्धा दिवस रजा टाकून गेलो, तिथेच काउंटरवर उघडलं. पंख्याच्या मधल्या भोकात आतून दाते असतात, ते इंजिनाच्या शाफ्टवर बसतात. माझ्या शाफ्टला आठ दाते. हातात आलेल्या पंख्याला मोजले तर दहा. पुन्हा मोजले. त्या मुलालाही मोजायला लावले. तो म्हणाला, “दोनच तर जास्त आहेत.”

परत पाठवायला अर्ज, अर्जाला मूळ पावती, आणि पावतीवर माप नसल्यामुळे चूक कोणाची यावर तीन फोन. “तुम्हीच दहा दात्यांचा मागितला असेल.” शेवटी पेन्सिलने घासलेला तो कागद कामी आला. त्यावरच्या इंजिन नंबराला दहा दात्यांचा पंखा बसूच शकत नाही, हे त्यांच्याच पुस्तकात छापलेलं होतं. मी ते पान उघडून समोर धरलं. त्यानंतर पुन्हा “पंधरा दिवस” सुरू झाले.

मधल्या काळात हातावर हात ठेवून बसलो नाही, याचं श्रेय मात्र त्या दुकानाला द्यावं लागेल.

आधी आयडलचा, म्हणजे थ्रॉटल बंद असताना इंजिन किती फिरेल ते ठरवणारा स्क्रू. मेकॅनिकने कार्ब्युरेटरवरचा स्क्रू फिरवून इंजिन इतकं मंद केलं की धक्क्यावर मांजरासारखं गुरगुरत होतं. मी खूश. पुलाखाली गेल्यावर ते विझलं. सुकती (ओहोटीचा प्रवाह) जोरात होती, बोट आडवी होऊन खांबाकडे निघाली, मेहुण्याने वल्हं खांबाला टेकवलं म्हणून फायबर वाचलं. नांगर तयार ठेवल्याशिवाय पुलाजवळ मंद इंजिनाचे प्रयोग करू नका. टू-स्ट्रोक फार वेळ मंद चालवलं की स्पार्क प्लग तेलाने काळे पडतात. वीसेक मिनिटांनी एकदा ल्यूर गुंडाळून अर्धा मिनिट मोकळं पळवायचं, आणि सुटे प्लग व पाना डब्यात असायलाच हवेत. पेट्रोलमध्ये तेल कमी घालून प्लग वाचवायची अक्कल कोणी शिकवली तर कानाआड करा, इंजिन जाईल. मंद चालवताना थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार पडतेय ना तेही अधूनमधून बघायचं.

पंख्यामागे झडप लावायचीही एक पद्धत आहे. पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीला बिजागरीचा पत्रा लावायचा, तो खाली पाडला की पंख्याचा झोत अडतो. अलिबागला एका फॅब्रिकेटरकडून ॲल्युमिनियमची करून घेतली. पहिल्याच दिवशी परतताना ती वर उचलायची विसरलो आणि थ्रॉटल उघडलं. पत्रा वाकला, बोल्ट वाकले. नशीब पट्टी तुटली नाही, ती इंजिनाच्याच ओतकामाचा भाग असते.

गिअर टाकायचा, काढायचा, टाकायचा, हेही करून पाहिलं. ल्यूर थांबतो, वर तरंगतो, पुन्हा बुडी मारतो, आणि मासा कधीकधी नेमका तेव्हाच पकडतो. पण तासाभराने मनगट दुखतं आणि गिअरचा खटका ऐकून जीव दुखतो.

आता खरी गोष्ट, जी मला पहिल्या दिवशी कळायला हवी होती. मी वेग बघायचो मोबाइलवर. जानेवारीत एका उधाणाला, थ्रॉटलला हात न लावता, किल्ल्याकडे जाताना मोबाइल सात दाखवत होता. वळून पुलाकडे निघालो तर तीन. तीन! ज्या आकड्यासाठी मी पैसे भरून बसलो होतो तो फुकटात. पण ल्यूर तसाच आडवा, रॉडच्या टोकाची थरथर तशीच वेडीवाकडी. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की जीपीएस जमिनीवरचा वेग सांगतो आणि ल्यूरला कळतो पाण्यातला. सुकती दोनने वाहत होती. बोट पाण्यातून जाताना आणि येताना पाचनेच चालली होती. त्याआधीचे कितीतरी रविवार मी प्रवाहाविरुद्ध “तीन” बघत समाधानाने मासे न पकडता घरी गेलो होतो.

तेव्हापासून मोबाइल खिशात. थर्माकोलचा सुपारीएवढा तुकडा घ्यायचा, नाळेपाशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, पाण्यात सोडायचा, आणि तो मागच्या काठाशी येईपर्यंत सेकंद मोजायचे. तुकडाही त्याच पाण्याबरोबर वाहतो, म्हणून प्रवाहाचा हिशोब आपोआप सुटतो. १४ फुटी बोटीला तीन सेकंद लागले तर वेग ताशी पाच, पाच सेकंद लागले तर तीन. जुन्या जहाजांवर गाठी मारलेल्या दोरीला लाकूड बांधून हेच करायचे, ‘नॉट’ तिथूनच आला. तुकडा जाळीने परत उचला, खाडीत आधीच पुरेसं थर्माकोल आहे.

आणि बोटीला मागे ओढून धरायला बादल्या. रंगाच्या २० लिटरच्या दोन बादल्या, बुडाला अंगठ्याएवढी सहा-सात भोकं, दोन्ही बाजूंना एकेक. एकच लावली तर बोट त्या बाजूला वळत राहते. दोरी बोटीच्या मध्याच्या पुढे बांधायची आणि इतकी आखूड ठेवायची की बादली ताणूनही पंख्यापर्यंत पोचणार नाही. प्लास्टिकचं हँडल उपटून येतं, दोरी काठाला भोकं पाडून ओवा. बुडाला दुसरी बारीक दोरी हवी, ती ओढली की बादली उलटी होऊन हलकी वर येते. ती नसताना भरलेली बादली चालत्या बोटीत ओढून बघा, कंबर सांगेल. पहिल्याच फेरीत थर्माकोलने साडेचार सेकंद दाखवले. भोकं थोडी बुजवली, पाच झाले. त्या दिवशी चार किलोचा जिताडा लागला आणि थेट डाव्या बादलीच्या दोरीभोवती फिरला. मेहुण्याने बादलीची दोरीच कापली. बादली गेली, जिताडा आला. मासा लागला की आधी बादल्या वर, मग रीळ.

तर ९७व्या दिवशी बरोबर पंखा आला. बसवला, भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवशी पाणी जवळजवळ उभं असताना थर्माकोल टाकला. तीन सेकंदांचे पावणेचार झाले. पावणेदहावरून आठ म्हणजे १८ टक्के कमी, पाचाचे चारच्या किंचित वर. हे त्रैराशिक पाचवीतल्या पोराने नोव्हेंबरमध्येच मांडून दिलं असतं. वर पूर्ण थ्रॉटलला इंजिन आता गरजेपेक्षा जास्त फिरतं, त्यामुळे परतताना हात आखडता घ्यावा लागतो आणि बोट पूर्वीइतकी पळतही नाही. तरी काढणार नाही. नव्या पंख्याबरोबर बादल्यांची भोकं बुजवावी लागत नाहीत, आणि ९७ दिवस थांबलेली वस्तू माळ्यावर टाकायला मन होत नाही.

सांगायचं राहिलं: पंखा बदलताना शाफ्टला मरीन ग्रीस भरपूर लावा आणि नटातली कॉटर पिन नवीन घाला, जुनी सरळ करून वापरू नका. माझ्या खोक्यात पिन नव्हती. त्यासाठी मी दुकानात फोन केला नाही, रेवदंड्याच्या हार्डवेअरवाल्याकडे दोन मिनिटांत स्टीलची मिळाली.