मांडीतूनच का नाही काढला?

"एवढं सगळं केलंच, तर पाय मांडीतूनच का नाही काढला? हे उलटं पाऊल कशाला ठेवलं?" लग्नात, एसटी स्टँडवर, ऑफिसात डबा खाताना हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता प्रश्न अर्धा झाला की ओळखते. परवा तुम्हीही विचारलंत, तेही आवाज खाली आणून. म्हणून लिहिते.

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, गुडघ्यालगत ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर, होता. वाढीच्या वयात तो बहुधा तिथेच गाठतो. मी बारा वर्षांची होते. केमोनंतर डॉक्टरांनी गाठीसकट गुडघा काढला, पायाची मुख्य नस जपली, उरलेली पोटरी १८० अंशांत फिरवली आणि पट्टी-स्क्रूनं मांडीच्या हाडाला जोडली. त्यामुळे घोटा दुसऱ्या गुडघ्याच्या उंचीवर आला आणि तोच आता माझा गुडघा आहे. पाऊल खाली दाबलं की कृत्रिम पाय सरळ होतो, वर ओढलं की दुमडतो. टाच पुढे, बोटं मागे. १९२७ मध्ये जर्मनीत क्षयानं गुडघा गेलेल्या रुग्णावर हे पहिल्यांदा केलं गेलं, कॅन्सरसाठी ते बऱ्याच नंतर वापरात आलं.

मांडीतून काढला असता तर गुडघाही यांत्रिक आला असता. आत धातूचा सांधा घातला असता तर उंची वाढेल तशी पुन्हा पुन्हा ऑपरेशनं. माझं एकदाच झालं. मी जिने चढते, वेळ आली तर बसमागे पळते. पावसाळ्यात सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या खोबणीत, घाम साचतो, कातडी सोलवटते, मग दोन दिवस कुबड्या. एवढंच.

हे उत्तर मला तोंडपाठ आहे आणि ते खरंही आहे. पण तुमचं लक्ष पावलावर होतं, ते मी पाहिलं.

ऑपरेशननंतर वर्षा-दोन वर्षांनी चुलतबहिणीच्या लग्नाला गावी गेलो होतो. सोप्यात बायका-पोरी ओळीनं झोपलेल्या. मी पाय काढून उशाशी ठेवला होता. उकाडा होता, झोपेत चादर सरकली. पहाटे कुणाचं तरी पाचेक वर्षांचं पोर उठलं, माझ्याकडे बघितलं आणि किंचाळलं, "हडळ!" उलट्या पावलांची कोण असते हे आपल्याकडे पोरांना शिकवावं लागत नाही. सगळा सोपा जागा झाला. एका बाईनं माझ्यादेखत त्याच्यावरून मीठ-मोहरी उतरून चुलीत टाकली. ती तडतडली तेव्हा दोघीतिघी माझ्याकडेच बघत होत्या.

त्या पोराचा मला राग नाही. मीठ-मोहरीचाही फारसा नाही. आई मागच्या दारातून धावत आली. ती काहीतरी बोलेल असं वाटलं. तिनं चादर ओढून माझ्या पावलावर घातली, कडा खाली नीट खोचल्या, आणि त्या पोराच्या आईला म्हणाली, "माझंच चुकलं हो, झाकायला हवं होतं मी." पुढे कुठेही मुक्कामाला जायचं झालं की तिच्या पिशवीत एक जाड चादर असायचीच. सहा महिने माझी ओकारी हातात झेललेली बाई ती. तिच्याबद्दल हे लिहिताना मला बरं वाटत नाही. तरी लिहिते.

पंचविशीत मी नव्या पेशंटांच्या घरच्यांना ठणकावून सांगायचे, "सवय होते हो, दिसण्याचं काही वाटत नाही." त्या मुलीला विचारावंसं वाटतं, मग तू मैत्रिणींबरोबर कोकणात मुक्कामी का गेली नाहीस? तिच्याकडे उत्तर होतं: सुट्टी मिळाली नाही.

फॉलोअपला कधीतरी एक प्रश्नावली दिली होती. तीस प्रश्न. लांब चालताना त्रास होतो का, गेल्या आठवड्यात चिंता वाटली का, असे. शेवटी जगण्याच्या प्रतीला एक ते सातमधला आकडा द्यायचा. मी सहाला गोल केला आणि तो खोटा नव्हता. पाय वाचलेल्यांच्या आणि पाय गेलेल्यांच्या आकड्यांत वाटतो तेवढा फरक अनेक अभ्यासांत सापडलेला नाही, याचं मला आश्चर्य वाटत नाही. परक्या घरी रात्री कुठे झोपता, हे त्या तिसांत नव्हतं.

आता तुमचा प्रश्न. तीन पर्याय बाबांसमोर ठेवले होते, सही त्यांनी केली. मी बाहेर बाकावर होते. मला विचारायला हवं होतं, असं मी त्यांना पुष्कळदा सुनावलंय. ते दर वेळी एकच म्हणतात, "विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

नाहीच म्हणाले असते. मांडीतून काढा म्हणाले असते.