फोम, प्लाय आणि बारा टनांचा दाब

कोलोरॅडोत डोंगर हाकेच्या अंतरावर, पण रात्री कडाक्याच्या. लेडव्हिल हे गाव समुद्रसपाटीपासून ३१०० मीटरवर आहे. तिथे सप्टेंबरातच पहाटे पाणी गोठतं. लहान मुलांना घेऊन तंबूत झोपणं अवघड, आणि बाजारातले बहुतेक तयार कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायच्या झोपायच्या खोल्या, आमच्या गाडीला झेपणारे नाहीत. होंडा सीआर-व्हीची ओढायची मर्यादा इथे १५०० पौंड, म्हणजे ६८० किलो. त्यात लोखंडी चासी, पाणी, अंथरूण-पांघरूण सगळं आलं. म्हणून डेन्व्हरमधल्या आमच्या गराजमध्ये मी आणि नवरा ट्रेलरच्या भिंती स्वतःच बनवतोय.

मध्ये दीड इंची गुलाबी एक्सपीएस फोम आणि दोन्ही अंगांना तीन मिलिमीटर प्लाय, एवढीच ती भिंत. एक्सपीएस म्हणजे आपल्या मखराच्या थर्माकोलचा भाऊबंद, पण दाणे न सुटणारा आणि पाणी जवळजवळ न पिणारा. चार बाय आठ फुटांचं पॅनेल साधारण १४ किलो भरतं. त्याच मापाचा १८ मिलिमीटर प्लाय तीसच्या आसपास जातो आणि थंडीही नीट अडवत नाही.

मला यात सगळ्यात आवडतं ते त्याचं बळ. नुसता फोम हाताने मोडतो, नुसता प्लाय लवतो. एकमेकांना चिकटले की मात्र वाकताना एका बाजूचा प्लाय ताणला जातो, दुसऱ्या बाजूचा दाबला जातो, आणि फोम दोघांना जागेवर धरून ठेवतो. हे सगळं गोंदावर अवलंबून आहे. तो सुटला की पुन्हा तीन दुबळे थर उरले.

गणपतीची सजावट केलेल्यांना माहीत असेल, रबर सोल्युशन लावलं की थर्माकोल विरघळतो. इथेही तेच, म्हणून आम्ही पॉलियुरेथेन गोंद वापरतो. तो दमटपणावर पकडतो आणि डेन्व्हरची हवा कोरडी, त्यामुळे प्लायवर आधी पाण्याचा हलका फवारा मारायचा. फोमचा गुळगुळीत पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरवडायचा.

मग सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, कडा चिकटपट्टीने बंद करून व्हॅक्यूम पंप लावायचा. आतली निम्मी हवा काढली तरी बाहेरचं वातावरण अख्ख्या पॅनेलवर बारा टनांच्या आसपास दाब देतं, आणि तोही सगळीकडे सारखा. विटा रचून हे जमणार नाही. समुद्रकिनारी हाच दाब पंधरा टन मिळाला असता. डेन्व्हर १६०९ मीटर उंचीवर असल्याने हवाच विरळ.

फोममध्ये स्क्रू धरत नाही. दाराच्या बिजागऱ्या, खिडकी आणि चासीचे बोल्ट जिथे येणार, तिथे चिकटवण्याआधीच फोम कापून लाकडी ठोकळे बसवावे लागतात. ते मोजकेच हवेत, कारण लाकडातून फोमच्या साधारण चौपट उष्णता निसटते आणि नेमकी तिथेच आतून ओल धरते.

इतक्या घट्ट डब्यात झोपणाऱ्यांच्या श्वासाची वाफही कोंडते. छताला झरोका आणि पंखा हवाच, थंडी कितीही असो. स्वयंपाक बाहेर, मागच्या उचलत्या झाकणाखाली: आमचा फोम पॉलिस्टायरीनचा, आणि ते पेटलं तर काळा, विषारी धूर सोडतं. म्हणून फोम आतून कुठेही उघडा ठेवणार नाही, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म छत चढण्याआधीच आणून ठेवलाय.