घराचं वळण

रविवार, रात्र

'वळण' हा शब्द अक्षरालाही लागतो आणि घरालाही. अक्षराचं वळण गिरवून येतं हे सगळ्यांना मान्य असतं. घराच्या वळणासाठी मात्र एखादा सुविचार भिंतीवर लावला की काम झालं, असं वाटतं. 'संस्कार'चंही तेच. आपण ते 'करतो' म्हणतो, जणू मोठ्यांनी धाकट्यांवर करायची ती एखादी प्रक्रिया आहे. मुलं बघत असतात ते वेगळंच: दारावर नको असलेला माणूस आला की मोठे काय सांगायला लावतात, चुकल्यावर मोठे माफी मागतात का.

म्हणून मूल्यं ठरवताना पहिली चूक टाळायची ती ही, की आईबाबांनी यादी करून वाचून दाखवायची नाही. प्रत्येकाला पाच चिठ्ठ्या द्याव्यात आणि एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहायला सांगावी: 'आपल्या घरात काय असलंच पाहिजे?' लिहिता न येणाऱ्याने चित्र काढावं. बोलायचं नंतर, आधी लिहायचं. नाहीतर सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाची मूल्यं ती घराची मूल्यं ठरतात. चौघांच्या वीस चिठ्ठ्या जमिनीवर पसरल्या की सारख्या अर्थाच्या आपोआप एकत्र येतात. त्यातून तीनच ठेवायच्या. सात ठेवल्या तर महिन्याभरात कोणालाच सात आठवत नाहीत, आणि आठवत नाही ते पाळलंही जात नाही.

प्रत्येक शब्दाला एक प्रश्न विचारावा: यासाठी आपण काय सोडायला तयार आहोत? उत्तर 'काही नाही' आलं, तर तो शब्द नुसता शोभेचा.

मग शब्द कृतीत उतरवायचा. खरं कौशल्य लागतं ते इथे. 'प्रामाणिकपणा' घेऊ. हातून कप फुटला तर ज्याने फोडला त्याने स्वतःहून सांगायचं, एवढा नियम केला तर तो अर्धाच. उरलेला अर्धा मोठ्यांचा: सांगायला आलेल्यावर पहिली दहा मिनिटं ओरडायचं नाही. आधी तुकडे उचलायचे, मग भरपाई कशी ते बोलायचं. हा दुसरा भाग नसेल तर मूल दोनदा खरं बोलतं, दोनदा बोलणी खातं आणि तिसऱ्यांदा तुकडे कपाटामागे सापडतात. त्याला खोटेपणा म्हणण्याआधी खरं बोलण्याची किंमत कोणी वाढवून ठेवली ते पाहावं.

दोन मूल्यांची टक्कर होणारच. 'वेळ पाळणे' आणि 'अडलेल्याला मदत' दोन्ही आपल्या तीन मूल्यांत आहेत, आणि निघायच्या वेळी शेजारचे आजोबा मदत मागतात. अशा वेळी आधी काय, हे शांतपणे बसून अगोदरच ठरवून ठेवावं. ऐनवेळी जो चिडलेला असतो, त्याचा निकाल लागू होतो.

हे सगळं जिवंत राहतं ते आठवड्याच्या बैठकीमुळे. वीस मिनिटं, ठरलेला वार, ठरलेली वेळ, फोन दुसऱ्या खोलीत. सूत्रं दर आठवड्याला वेगळ्याकडे, सहा-सात वर्षांच्या मुलाकडेसुद्धा. आधी प्रत्येकाने दुसऱ्याची एक चांगली गोष्ट नेमकी सांगायची. 'छान वागलीस' चालणार नाही. 'बुधवारी मी आजारी असताना न सांगता भांडी लावलीस' असं हवं. मग मागच्या वेळी ठरलेल्याचं काय झालं, मग नवा एकच प्रश्न, शेवटी येत्या आठवड्याचं वेळापत्रक. निर्णय वहीत, नाव आणि वारासकट. 'सगळ्यांनी मिळून करू' असं लिहिलेलं काम कोणीच करत नाही.

बैठक मोडते ती बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, कारण तिचं न्यायालय होतं. प्रगतिपुस्तक, पसारा, फोनचे तास, सगळी प्रकरणं तिथेच चालतात आणि आरोपी नेहमी तेच. वैयक्तिक तक्रार एकट्याशी, वेगळ्या वेळी बोलावी. किशोरवयीन मूल यायलाच तयार नसेल तर ओढून आणू नये. पण त्याच्या मुद्द्यावरून घरातला एखादा नियम खरोखर बदलला, तर ते पुढच्या वेळी येण्याची शक्यता बरीच वाढते.

ध्येय एका वेळी एकच, बारा आठवड्यांचं. 'जास्त वाचू या' हे ध्येय नव्हे. 'सोमवार ते शुक्रवार, रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटं, सगळे एकाच खोलीत, ज्याचं त्याचं पुस्तक' हे ध्येय. जेवणासारख्या रोज घडणाऱ्या गोष्टीला नवी गोष्ट बांधली की आठवण करून द्यावी लागत नाही. बारा आठवडेच का? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या शोधनिबंधात, नवी सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ माणसागणिक १८ ते २५४ दिवस असा निघाला, मध्य ६६ दिवसांचा. बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस, थोडी सवड ठेवून. (अंगवळणी! इथेही वळणच.) त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. त्यामुळे चुकलेला एक दिवस माफ. सलग दोन दिवस चुकले तर मात्र माणसाला दोष न देता वेळ बदलून पाहावी. बहुतेकदा वेळच चुकलेली असते.

बक्षीस लावू नये, असं माझं ठाम मत. वाचनाला चॉकलेट लावलं की घरात हिशेब सुरू होतो, आणि चॉकलेट थांबलं की पुस्तकही मिटतं. बारा आठवडे झाल्यावर सगळ्यांनी मिळून काहीतरी साजरं करणं वेगळं, ते जरूर करावं.

वर्षातून एकदा त्या तीन चिठ्ठ्या पुन्हा जमिनीवर मांडाव्यात. आठ वर्षांच्या मुलीने 'खेळ' लिहिलेलं असतं, तीच बारा-तेराव्या वर्षी 'दार वाजवून आत या' लिहिते. तेव्हा त्या चिठ्ठीसाठी जुनी कुठली काढायची, ते तिलाही विचारावं.