ढवळाढवळ

काल चमचाभर साखर घेऊन चमचा पेल्यातल्या पाण्यात बुडवला आणि नेमका तेव्हाच फोन आला. पलीकडचं बोलणं लांबलं. चमचा जेमतेम पाण्याखाली धरून मी तशीच उभी. मग लक्षात आलं, चमच्याच्या कडेवरून काहीतरी खाली ओघळतंय. पाण्यातच पाण्याची धार! पारदर्शक, लवलवणारी, तापलेल्या रस्त्यावर दुपारची हवा हलते ना, तशी. साखर विरघळलेलं पाणी साध्या पाण्याहून जड, म्हणून ते खाली उतरत होतं. प्रकाश त्यातून जाताना जरा वेगळा वाकतो, म्हणून ते दिसत होतं. इतक्या वर्षांत हे कधी बघितलंच नव्हतं, कारण साखर टाकली की मी लगेच ढवळते.

शाळेत मी एकदा ‘साखर पाण्यात वितळते’ असं लिहिलं होतं. बाईंनी ‘वितळते’वर लाल काट मारून वर ‘विरघळते’ लिहिलं आणि अर्धा गुण कापला. राग आला होता, पण बरोबर बाईच होत्या. बर्फ वितळतो, मेण वितळतं. त्यांना नुसती उष्णता पुरते. विरघळायला मात्र दुसरं कुणीतरी लागतं. साखर कोरडी वितळवायची तर दीडशे अंशांच्या वर जावं लागतं, आणि त्या नादात ती तपकिरीही होते. पाण्यात तीच साखर गारठ्यातही निमूटपणे सुटी होते.

मीठ त्याहून वेगळं. त्याच्या खड्यात सोडियम आणि क्लोराइडचे आयन, म्हणजे धन आणि ऋण विद्युतभार असलेले कण, एकमेकांना घट्ट धरून असतात. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण, हायड्रोजनची किंचित धन. मग सोडियमला ऑक्सिजनच्या बाजूने घेराव पडतो, क्लोराइडला हायड्रोजनच्या बाजूने, आणि एकेक आयन खड्यातून फोडून नेला जातो. साखरेचे रेणू मात्र अख्खेच्या अख्खे सुटतात. म्हणून मिठाच्या पाण्यातून वीज वाहते, साखरेच्या पाण्यातून जवळजवळ नाहीच. या विचाराचं मूळ ज्या प्रबंधात होतं, तो स्वांते अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८८४ मध्ये सादर केला, तेव्हा परीक्षकांनी त्याला काठावर पास केलं. पुढे १९०३ मध्ये याच कामासाठी त्याला नोबेल मिळालं. (माझा अर्धा गुण काही परत मिळाला नाही.)

ढवळलं की जास्त विरघळतं, असं आपल्याला उगाच वाटतं. चमच्याने होतं एवढंच, की खड्याभोवती साचलेलं साखरेचं पाणी बाजूला सरतं आणि कोरं पाणी पुढे येतं. वेग वाढतो, मात्रा तीच. १०० ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ मावतं. त्यापुढचं तळाशी बसतं, मग हात दुखेस्तोवर ढवळा. पाणी उकळलं तरी मिठाची मजल ३९ ग्रॅमपर्यंतच. साखर मात्र हावरट: साध्या पाण्यातच २०० ग्रॅम, उकळत्यात साडेचारशेच्याही वर. आणि तळाशी बसलेलं ते मीठसुद्धा स्वस्थ नसतं. जितके आयन सुटून पाण्यात जातात, तितकेच पाण्यातले परत येऊन खड्यावर बसतात. बाहेरून सगळं शांत.

मागे एकदा तुरटीचा स्फटिक वाढवायला घेतला होता. गरम पाण्यात मावेल तेवढी तुरटी, दोऱ्याला बांधलेला एक छोटा खडा, आणि बरणी आपोआप गार होऊ द्यायची. मला कुठला धीर? तासातासाला बरणी उचलून, हलवून बघत होते. सकाळी दोऱ्यावर खडा होता तेवढाच, तळाशी मात्र तुरटीची बारीक वाळू. एका जागी जमायचं ते शंभर ठिकाणी जमलं होतं.

तर, फोन संपला तेव्हा चमचा रिकामा होता. म्हटलं, आज न ढवळता प्यायचं. पहिला घोट अगदी सपक, दुसराही. गोडी सगळी तळाशी जाऊन बसलेली.

शेवटी ढवळलंच.