फुगा कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

संक्रांतीच्या हळदीकुंकवात रामबागेतल्या एका काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं, "अगं, इतकी वर्षं पोहतेस ना तू? मग अजून तो फुगा कशाला लागतो कमरेला?" माझा महेश्वरचा, नर्मदेत पोहतानाचा फोटो कोणीतरी त्यांना दाखवला होता. बायका हसल्या, मीही हसले. तोंडात तिळाचा लाडू होता, उत्तर राहिलं. हाच प्रश्न ऑफिसातही येतो. घाटावर एकदा सहा-सात वर्षांच्या एका मुलाने तर सरळच विचारलं, "आंटी, आपको तैरना नहीं आता क्या?" तेव्हा आता एकदाचं सांगूनच टाकते.

फुगा मला तरंगवायला नाही. तो नाववाल्यासाठी आहे.

हवा भरायची नारिंगी पिशवी, कमरेला पट्टा, मध्ये हातभर दोरी. पोहताना ती पायांमागून मुकाट येत राहते, ओढ जाणवतसुद्धा नाही. दमलं तर धरून दोन मिनिटं श्वास घेता येतो, पण म्हणून ते लाइफ जॅकेट नव्हे. शुद्ध हरपलेल्या माणसाचं तोंड फुगा पाण्याबाहेर धरून ठेवत नाही. त्याचं काम एकच, लांबून दिसणं.

हे मला कोणी शिकवलं नाही. शहाणपण सुचलं ते एक नाव अंगावर आल्यानंतर.

इंदूरहून महेश्वर नव्वदेक किलोमीटर. तेव्हा मी नुकतीच स्विमिंग पूल सोडून नदीत उतरायला लागले होते, आणि पूलमधली काळी टोपीच घालत होते. घाट नदीच्या उत्तर काठावर. मी काठाकाठाने प्रवाहाविरुद्ध वर जायचे आणि पाण्याबरोबर परत यायचे. श्वास फक्त उजवीकडे घेता यायचा. जाताना उजवीकडे नदी, सगळ्या नावा दिसायच्या. येताना उजवीकडे घाट. म्हणजे निम्मा वेळ मी अहिल्याबाईंच्या पायऱ्या मोजत पोहत होते आणि नदी माझ्या पाठीमागे होती, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

आता सूर्याचं बघा. नर्मदा इथे पूर्वेकडून पश्चिमेला वाहते. हिवाळ्यात सकाळी आठच्या सुमाराला वरच्या अंगाला जाणाऱ्या नावाड्याच्या थेट डोळ्यांत ऊन असतं आणि समोरचं सगळं पाणी पत्र्यासारखं चमकतं. त्यात तो मागे, इंजिनापाशी बसलेला. वेग घेतला की नावेचं नाक वर उठतं आणि पुढचं पाणी झाकलं जातं. पुढे छताखाली पर्यटक उभे राहून बाणेश्वराच्या देवळाचे फोटो काढतायत. त्या चमचमाटात मी, म्हणजे एक डोकं, तेही अर्धं.

इंजिनाचा आवाज मला आला होता. पण कुठून ते कळेना. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने. दोन्ही कानांवर तो जवळजवळ एकदमच आदळतो आणि डावं-उजवं ठरवायला मेंदूच्या हाती काही राहत नाही. नुसती सगळीकडून घरघर. मी थांबून डोकं वर काढलं तेव्हा नाक दोन नावांइतकंही लांब नव्हतं. नावाड्याने सुकाणू फिरवलं, लाट तोंडावर आली, भरपूर पाणी प्याले.

तो ओरडला नाही. नाव काठाला लावून शांतपणे म्हणाला, "दीदी, हमको तो नारियल दिखा."

त्याचं चूक नव्हतंच. नर्मदामाईला रोज नारळ वाहतात, ते तरंगत असतात. नारळ दिसला म्हणून कोणी नाव वळवतं का?

म्हणून रंग. काळा, निळा, चंदेरी हे रंग पाण्यात विरघळतात. पांढरा उन्हाच्या चमकेत हरवतो. उघड्या पाण्यात सगळे नारिंगी सांगतात ते बरोबरच आहे, पण महेश्वरच्या घाटाजवळ नारिंगी एकटा नसतो, झेंडूच्या माळा वाहत असतात! म्हणून माझी टोपी भडक गुलाबी आणि फुगा नारिंगी. पुढे एक ठिपका, मागे एक मोठा, दोन्ही एकत्र सरकणारे. निर्माल्य असं प्रवाहाच्या उलट जात नाही. आता नावाडी मला "गुब्बारेवाली दीदी" म्हणतात. नाव काही फार शोभतं असं नाही, पण लांबून ओळखतात, चालेल.

ऑफिसातल्या एकाने मुद्दा काढला की इंग्लिश खाडी पोहणारे कुठे फुगा लावतात. खरं आहे. आपल्या मध्य प्रदेशचे सतेंद्रसिंह लोहिया 2018 मध्ये रिले संघातून ती खाडी पोहले. पण तिथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत शेजारून बोट चालते. तिला हात लावला की पोहणं बाद, पण दुसऱ्या जहाजांना दिसायचं काम ती बोट करते. माझ्याबरोबर कोण असतं? पहाटे साडेचारला इंदूरहून निघायला आमच्या घरात कोणी उठत नाही.

तरी अगदी एकटी नसते. उतरण्याआधी नाववाल्यांच्या घोळक्यात जाऊन सांगते, इथून तिथवर जाणार, नऊला बाहेर. वर ओंकारेश्वरचं धरण आहे, पाण्याची ओढ आज कशी हेही तिथेच विचारते. चहावाल्याकडे चपला आणि गाडीची किल्ली ठेवते. नऊ वाजून गेले तरी चपला तिथेच दिसल्या तर तो हाका मारायला लागतो. एकदा मी गप्पा मारत दुसऱ्या घाटावर बसले होते, त्याने सगळ्यांना कामाला लावलं. ओशाळले, पण बरंही वाटलं.

डावीकडून श्वास घ्यायला शिकायला मला चार महिने लागले. मान अडायची, पाणी नाकात. आठ-दहा हात मारले की डोळ्यांपुरतं डोकं वर काढून समोर बघते. पोहणारे याला मगरीचे डोळे म्हणतात. जिचं वाहनच मगर आहे त्या नदीत हे नाव जरा जपूनच घ्यावं! नाव जवळ येतेय असं वाटलं तर मी बुडी मारत नाही. उभी होते, फुगा दोन्ही हातांनी डोक्यावर धरते आणि नाव वळलेली दिसेपर्यंत तशीच राहते. फुगा आहे म्हणजे आपण दिसलोच, असं मी अजूनही धरून चालत नाही.

आणि काही दिवस उतरतच नाही. धुकं असेल तर नाही. दहानंतर पर्यटकांच्या नावांची गर्दी सुरू झाली की नाही. नर्मदा जयंतीला तर पाण्यात दिवे, नावा, माणसं, कशालाच जागा नसते. त्या दिवशी मी कोरड्या कपड्यांत पायरीवर बसते. गेल्या वेळी त्या नारळवाल्या नावाड्याने तिथूनच हाक मारली, "दीदी, आज गुब्बारा नहीं?" मी द्रोण दाखवला. त्यात दिवा होता.